आग विझली? आता ओलं फडकं लांब ठेवा

आमच्या इमारतीत आग लागली ती तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत. जळालं म्हणावं तर वायरी, मीटर आणि कुणीतरी तिथे टाकून दिलेली जुनी गादी. पण धूर वायरींच्या डक्टमधून आणि जिन्यातून थेट पाचव्या मजल्यापर्यंत चढला. ज्यांच्या घराला धगही लागली नव्हती त्यांच्या छताला काजळी धरली. आणि खरं सांगायचं तर निम्मं नुकसान आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याच हातांनी केलं.

पाणी आधी नाही, शेवटी

बादलीत पाणी, पाण्यात भांड्यांचं लिक्विड, आणि घर घासायला सुरुवात. शेजारच्या काकूंनी हॉल पुसून काढला आणि काळी भिंत बरी होती असं म्हणायची वेळ आली. काजळी म्हणजे धूळ नव्हे. फोम, रबर, प्लास्टिक धुमसत जळालं की ती तेलकट, चिकट होते. ओल्या फडक्याने ती निघत नाही, पसरते, आणि डिस्टेंपरमध्ये मुरते. मग राहतात ते राखाडी पट्टे. केरसुणीनेही तेच, बारीक काजळी उडते आणि जिथे नव्हती तिथे जाऊन बसते. त्याच कारणासाठी पंखा आणि एसी बंदच ठेवायचे. खिडक्या उघडा, पुरे.

सुरुवात कोरडी. हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा व्हॅक्यूम मिळवा. साधा व्हॅक्यूम पुढून ओढतो आणि मागून काजळी खोलीत सोडतो. नळी भिंतीला टेकवायची नाही, जरा अंतरावरून फिरवायची. मग काजळी काढायचा कोरडा रबरी स्पंज. तो ऑनलाइन मिळतो. छतापासून खाली, एकाच दिशेने ओढायचा, गोल गोल घासायचा नाही. काळा पडला की वरचा थर ब्लेडने कापून टाकायचा. हा स्पंज भिजवला की वाया गेला.

एवढं झाल्यावर पाणी, तेही ऑइल पेंट आणि टाइल्सवरच. कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घाला. काजळी आम्लधर्मी असते, सोडा अल्कधर्मी, म्हणून तो लागू पडतो. हातमोजे घाला आणि अॅल्युमिनियमच्या खिडक्यांना तो लावू नका, डाग पडतात. आणि इथे दिशा उलटी: धुताना खालून वर जायचं. वरून धुतलं तर काळे ओघळ खालच्या कोरड्या भिंतीवर उतरतात आणि ते काढताना नाकी नऊ येतात.

‘टीव्ही लागतोय का बघू’

नका बघू. वायरींवरचं पीव्हीसीचं आवरण जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि दमट हवेत त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. धुरासोबत ते सगळीकडे बसतं. त्यात पावसाळा असेल तर नळ, बिजागऱ्या, कुलपं थोड्याच दिवसांत गंजायला लागतात. स्टीलच्या डब्यांवरही ठिपके पडतात. यंत्राच्या आतल्या सर्किटवर ते बसलेलं असताना वीज सोडली तर वाचणारी वस्तूही जाते. आधी इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग तपासा, मग उपकरणं उघडून साफ करून घ्या.

अग्निशामक सिलिंडरची पिवळसर पावडर उडाली असेल तर तीही कोरडीच उचला. ओली झाली की चिकटते आणि धातू खाते.

घाई कुठे, धीर कुठे

इथे पंचाईत होते. धातूच्या वस्तू लवकर पुसायला हव्यात आणि विम्यासाठी सगळं जसंच्या तसं हवं. मार्ग एकच: आधी प्रत्येक खोलीचे फोटो आणि व्हिडिओ, विमा कंपनीला लेखी कळवणं, आणि मगच कामाला हात. जळका माल नुकसान तपासणारा विम्याचा सर्व्हेयर येऊन जाईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका. अग्निशमन दलाचा अहवाल मागून घ्या. १ एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ या घराच्या विम्याच्या पॉलिसीत ढिगारा हटवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. आमच्यात बहुतेकांना हे ठाऊकच नव्हतं, आणि ठाऊक असलेल्यांनी कचरा आधीच फेकला होता.

नाकाला रुमाल बांधून काम करू नका, एन-९५ मास्क लावा. उघडं अन्न आणि औषधं टाकून द्या. गच्चीवरच्या टाकीत काजळी गेली का तेही बघा. आणि फरशी चमकवायला टॉयलेटचं अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच नाही: क्लोरीन वायू सुटतो.

कपडे आधी बाहेर झटका. काजळीसकट इस्त्री फिरली तर डाग पक्का. रेशमी साड्या लाँड्रीत देताना ‘धुराच्या आहेत’ असं स्पष्ट सांगा.

वास परत येतोय

धूप, कापूर, रूम फ्रेशनर यांनी वास झाकतो, जात नाही. पेंटरही ‘दोन हात मारतो साहेब’ म्हणतो. तेलकट काजळीवर मारलेल्या रंगातून पिवळे डाग वर येतात. भिंत साफ झाल्यावर डाग अडवणारा प्रायमर, मग रंग.

त्यानंतरही दमट दिवशी वास आला तर भिंतीत शोधू नका. एसीची कॉइल, कपाटाची मागची बाजू, फॉल्स सीलिंगची वरची बाजू बघा. आमच्याकडे तो स्विचबोर्डाच्या डब्यांतून येत होता. डक्टमधला धूर पाइपांतून थेट तिथे पोचला होता, आणि मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनने एकेक बोर्ड उघडेपर्यंत कुणाच्या डोक्यातही ते आलं नव्हतं.