दवाखान्यात सुधारणा करताय? या चुका टाळा

मिरज-सांगलीत एखाद्या हॉस्पिटलची एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाला मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) तपासणी जवळ आली की बाहेरूनच कळतं. भिंतींना रंग लागतो, हात धुण्याची पोस्टरं लॅमिनेट होऊन येतात, मावशींना नवे ॲप्रन मिळतात आणि मालक डॉक्टर मला फोन करून विचारतात, "मॅडम, तीन महिन्यांत बसवून द्याल ना सगळं?" फायली तीन महिन्यांत बसतात. रात्री दोन वाजता अख्खा वॉर्ड एका सिस्टरवर असतो, तेव्हा जे घडतं ते बदलायला दीड-दोन वर्षं जातात. तेवढा दम नसेल तर नुसता रंगच द्या, स्वस्त पडेल.

चेकलिस्ट आधीच भरून ठेवणं

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट दिली. तिच्यात थांबायच्या जागा तीन: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) बाहेर नेण्याआधी. आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीचंही एक होतं. २००९ साली निकाल छापून आला: शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. मग कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतानं हीच चेकलिस्ट सगळ्या हॉस्पिटलांना सक्तीची केली. तिथल्या १०१ हॉस्पिटलांचा हिशोब २०१४ साली आला, तर मृत्यूंत म्हणावा असा फरक नाही. का नाही, यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात. माझं मत विचाराल तर आमच्याकडच्या ओटीत एक सकाळ उभे राहा. पेशंट गाऊन घालून बाहेर बाकड्यावर बसलाय, आणि आत त्याच्या कागदावर "गॉज मोजले, बरोबर" अशी टिक आणि सही तयार! गॉज म्हणजे रक्त टिपायच्या कापडाच्या घड्या, त्या मोजायच्या ऑपरेशन संपताना. दिवसभराच्या सगळ्या केसेसचे कागद सिस्टरनं आठ वाजताच उरकलेले असतात, कारण सर्जन आले की "चला, चला" सुरू होतं.

म्हणून मी पहिला महिना कागद देतच नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांतली यादी लावते आणि सिस्टरला ती मोठ्यानं वाचायला लावते. सर्जननं हातातलं थांबवून उत्तर द्यायचं, भूलतज्ज्ञानंही. पेशंटचं नाव, कुठलं ऑपरेशन, कुठली बाजू. सुरुवातीला सगळे हसतात. हसू द्या. तोंडाला सवय लागली की मग पेन. ज्या ओटीत मोठे सर "माझ्या केसला नको, मी वीस वर्षं करतोय" म्हणतात, तिथलं काम मी सरळ सोडते. एकाला सूट मिळाली की आठवड्यात सगळ्यांना मिळते.

चूक सांगणाऱ्यालाच मेमो देणं

याच्याइतका राग मला कशाचा येत नाही.

एका हॉस्पिटलात (नाव विचारू नका) रात्रपाळीच्या सिस्टरनं सलाइनची नळी फ्लश करायला ट्रेमधून ॲम्प्युल (औषधाची छोटी बंद कुपी) उचललं. दहा मिलीचं, आत पाण्यासारखं पारदर्शक औषध. फोडण्याआधी तिनं नाव वाचलं: पोटॅशियम क्लोराइड. हे पातळ न करता शिरेतून भसकन गेलं तर हृदय बंद पडतं. डिस्टिल्ड वॉटरची ॲम्प्युलं त्याच ट्रेमध्ये, त्याच खणात होती. पेशंटला काही झालं नाही. ती गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण पोरगी प्रामाणिक, आठवड्यापूर्वीच ट्रेनिंगमध्ये "चुकता चुकता वाचलेल्या गोष्टीही लिहा" हे ऐकलेलं. सकाळी तिनं रजिस्टरमध्ये सगळं लिहिलं.

दुपारी तिच्या हातात मेमो. "निष्काळजीपणाबद्दल चोवीस तासांत लेखी खुलासा द्यावा." ट्रे कुणी भरला, दोन्ही औषधं एकत्र का होती, हे विचारलंच नाही. ट्रे तसाच राहिला.

त्यानंतर ते रजिस्टर महिनोन् महिने कोरं. प्रशासकांनी त्याचा तक्ता करून रिसेप्शनजवळ लावला: "औषधांच्या चुका: शून्य". मला कौतुकानं दाखवला. मी वॉर्डात जाऊन मावशींना चहा पाजला आणि अर्ध्या तासात तीन किस्से ऐकले. शंभर खाटांच्या हॉस्पिटलात औषधांची चूक शून्य असूच शकत नाही. शून्य दिसलं की समजायचं, लोक घाबरलेत.

यावर माझी सवय अशी. रजिस्टर नंतर, आधी सकाळी पाळी बदलतानाच्या हँडओव्हरला मेट्रननं (मुख्य सिस्टरनं) स्वतः विचारायचं, "काल रात्री कुठं घोटाळा होता होता राहिला?" पहिलं उत्तर आलं की आठवड्याच्या आत काहीतरी हलवून दाखवायचं, आणि कुणाच्या सांगण्यावरून हलवलं ते सगळ्यांसमोर बोलायचं. वरच्या प्रकरणात ते सोपं होतं: पोटॅशियमची ॲम्प्युलं वॉर्डातून उचलायची, आयसीयूत कुलपात वेगळी ठेवायची, वर लाल स्टिकर. खर्च एका कुलपाचा. मुद्दाम केलेला हलगर्जीपणा वेगळा, त्याला शिक्षा हवीच. पण तो शंभरात कुठं एखादा.

बाकीच्या, पटापट

"तुम्ही पाटील ना?" असं विचारून इंजेक्शन देऊ नका. आपल्याकडे एका वॉर्डात चार पाटील असतात, आणि झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणा आणि हातातल्या पट्टीवरचा नंबर जुळवा. खाट नंबर ही ओळख नव्हे.

मिरजेला कर्नाटकातून पेशंट येतात, हे मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ साली दवाखाना काढला तेव्हापासूनचं आहे. तरी डिस्चार्जच्या सूचना इंग्रजीत. एक पान कन्नडमध्ये छापून घ्या की!

ट्रेनिंग फक्त दिवसपाळीला देऊन फोटो काढणं बंद करा. रात्रीच्या ब्रदरना आणि कंत्राटी मावशींना कोण शिकवणार? पिवळ्या, लाल, निळ्या बादलीत दवाखान्यातला कुठला कचरा टाकायचा हे बहुतेक वेळा मावशीच ठरवते, एमडी डॉक्टर नव्हे.

एकदम दहा बदल नकोत. एका वॉर्डात एक.

जनरेटर तळघरात असेल तर आधी तो वर घ्या, गुणवत्तेच्या गप्पा नंतर. सांगलीत आयर्विन पुलापाशी पुराच्या धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ च्या वर गेली होती. व्हेंटिलेटरवरचा पेशंट कोण, कुठल्या जिन्यानं, कशावरून उतरवणार, याची तालीम जूनच्या आत करा, आणि रात्री करा.

हल्ली नवीन खूळ ॲपचं. काम सुरू व्हायच्या आधीच "मॅडम, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" जे वहीत लिहिलं जात नाही ते ॲपमध्येही लिहिलं जात नाही, फक्त दरवर्षी पैसे भरावे लागतात. सहा महिने वही चालवून दाखवा, मग डेमोवाल्याला बोलवा. डेमोला रात्रपाळीची सिस्टर बसवा. ती "यात फार वेळ जातोय" म्हणाली तर घेऊ नका.