डेस्पासितोचे रेकॉर्ड नीट वाचायचे कसे

एखादं गाणं "जगात नंबर वन" झालं असं कुणी लिहिलं की पहिलं विचारायचं, कुठल्या चार्टवर? डेस्पासितो यासाठी एकदम बेस्ट उदाहरण आहे, कारण त्याच्या नावावर इतके रेकॉर्ड आहेत की लोक सगळ्यांची सरमिसळ करून टाकतात. पोर्तो रिकोचे लुईस फोन्सी आणि डॅडी यांकी, गाणं जानेवारी 2017 चं, लिहिलंय या दोघांनी आणि एरिका एंडरने. आता त्या वर्षी बिलबोर्डचा (हे अमेरिकेतलं संगीताचं नियतकालिक, गाण्यांच्या क्रमवाऱ्या म्हणजे चार्ट काढतं) जगभराचा चार्टच नव्हता, ग्लोबल 200 आला सप्टेंबर 2020 मध्ये, त्यामुळे 2017 साली "बिलबोर्डवर जगात पहिलं" असं कुणी म्हणालं तर त्याला तिथंच थांबवा. तो बहुतेक हॉट 100 बद्दल बोलत असतो आणि हॉट 100 म्हणजे फक्त अमेरिका. विक्री, रेडिओवर किती वाजलं आणि स्ट्रीमिंग, हे तिन्ही मिळून तो बनतो.

चार्ट कळला की व्हर्जन बघा. खरी मजा इथे आहे. ओरिजिनल गाणं काही महिने हॉट 100 वर होतं पण वरच्या टोकाला नाही, मग 17 एप्रिल 2017 ला जस्टिन बीबरवालं रीमिक्स आलं आणि गाणं 48 वरून थेट 9 वर. हॉट 100 वर रीमिक्स आणि ओरिजिनल वेगळे मोजत नाहीत, दोघांचे आकडे एकाच गाण्याच्या खात्यात जातात, म्हणून "बीबरमुळेच चाललं" हेही अर्धवट आणि "बीबरचा काही संबंध नाही" हेही अर्धवट. तपासायचं असेल तर शेजारचा चार्ट उघडा, हॉट लॅटिन साँग्स, म्हणजे बिलबोर्डचाच लॅटिन गाण्यांचा चार्ट. तिथे गाणं फेब्रुवारीतच एक नंबरला होतं, म्हणजे रीमिक्सच्या आधीच. माझं मत विचाराल तर स्पॅनिश ऐकणाऱ्यांमध्ये ते आधीच हिट होतं, रीमिक्सने इंग्लिश रेडिओचं दार उघडलं, बस.

तारखांमध्ये तर भलेभले घोळ घालतात. बिलबोर्डच्या चार्टवर छापलेली तारीख म्हणजे मोजणीची तारीख नाही, ती पुढची असते. डेस्पासितो हॉट 100 वर एक नंबरला गेल्याचं 15 मे 2017 ला जाहीर झालं पण चार्टवर तारीख आहे 27 मे. एकाने पहिली लिहिली आणि दुसऱ्याने दुसरी तर दोघंही बरोबर असतात आणि खाली कमेंटमध्ये उगाच मारामारी चालू असते. आठवडे मोजायचे तर छापलेल्या तारखाच धरा, 27 मे ते 9 सप्टेंबर, मोजा, बरोबर 16 चार्ट येतात.

आणि हे 16 आठवडे कसे लिहायचे तेही बघा. मराया कॅरी आणि बॉइज टू मेन यांच्या वन स्वीट डेने 1995-96 मध्ये हॉट 100 च्या एक नंबरवर 16 आठवडे काढले होते, डेस्पासितोने तो रेकॉर्ड मोडला नाही, बरोबरी केली. मोडला 2019 मध्ये ओल्ड टाउन रोडने, 19 आठवडे. तरी "मोडला" असं बिनधास्त लिहिलेलं सर्रास दिसतं. शिवाय 1995 ला स्ट्रीमिंग नव्हतं, मोजायची पद्धतच वेगळी होती, त्यामुळे आकडा सारखा असला तरी त्यावरून कुठलं गाणं जास्त ऐकलं गेलं ते ठरत नाही.

तसंच "पहिलं स्पॅनिश नंबर वन" हा दावा. सरळ चूक. लॉस लोबोसचं ला बाम्बा 1987 ला पहिल्या नंबरवर होतं, मग 1996 ला माकारेना 14 आठवडे, तेही रीमिक्समुळेच बरं का. डेस्पासितोसाठी बरोबर वाक्य असं, की माकारेनानंतर पहिल्यांदाच मुख्यतः स्पॅनिश असलेलं गाणं तिथे पोचलं.

प्लॅटिनमचे आकडे वाचताना जरा सांभाळून. अमेरिकेत आरआयएए (रेकॉर्ड कंपन्यांची संघटना, प्लॅटिनम वगैरे हीच देते) दोन वेगळे हिशोब ठेवते, नेहमीच्या प्रोग्राममध्ये प्लॅटिनम म्हणजे 10 लाख युनिट (एक युनिट म्हणजे गाण्याची एक विक्री किंवा तेवढंच धरलेलं स्ट्रीमिंग) आणि लॅटिन प्रोग्राममध्ये फक्त 60 हजार, स्ट्रीमिंगचं म्हणाल तर 150 स्ट्रीम म्हणजे 1 युनिट. त्यामुळे कुठल्याही स्पॅनिश गाण्यापुढे "20 वेळा प्लॅटिनम" दिसलं की लॅटिन की साधं ते आधी शोधा, 12 लाख आणि 2 कोटी एवढा फरक पडतो. डेस्पासितोला मिळालेलं डायमंड नेहमीच्या प्रोग्राममधलं आहे, म्हणजे 1 कोटीचं, म्हणून ती बातमी खरंच मोठी होती.

युट्युबचं गणित चार्टपेक्षा वेगळं. तिथे प्रत्येक व्हिडिओचे व्ह्यूज स्वतंत्र, म्हणजे सान हुआनच्या ला पेर्ला वस्तीत शूट झालेला, मिस युनिव्हर्स 2006 झुलेका रिवेरा असलेला जो व्हिडिओ सगळ्यांना माहितीये तो ओरिजिनलचा आहे, त्याच्या व्ह्यूजमध्ये बीबरच्या रीमिक्सचा एकही व्ह्यू धरलेला नाही. ऑगस्ट 2017 मध्ये तो सगळ्यात जास्त पाहिलेला व्हिडिओ झाला आणि 3 अब्ज व्ह्यूज गाठणारा पहिला, म्हणजे 300 कोटी. अब्ज आणि कोटीत गडबड करू नका, भाषांतर करताना हमखास एक शून्य इकडेतिकडे होतं. आणि "युट्युबवर सगळ्यात जास्त पाहिलेला" असं आजच्या तारखेला लिहू नका, नोव्हेंबर 2020 मध्ये बेबी शार्कने त्याला मागे टाकलंय. लिहायचंच तर "2017 ते 2020 पहिला" असं लिहा.