इन्शाअल्लाह म्हणण्याआधी झेला बाहेर काढा

रत्नागिरीजवळ आमची हापूसची चाळीस कलमं आहेत. अब्बांच्या पश्चात बाग मीच बघते. या धंद्यात सारखी पुढची तारीख द्यावी लागते: फवारणी कधी, तोड कधी, वाशीला गाडी कधी. प्रत्येक तारखेला मी इन्शाअल्लाह, म्हणजे ‘अल्लाहची मर्जी असेल तर’, म्हणते, पण तो शब्द कसा म्हणायचा हे मी नुकसान सोसून शिकले.

२०२१ ची रमजान ईद १४ मे रोजी होती. तौक्ते वादळाचा इशारा आला होता, गडी सणाला घरी गेले होते. शेजारच्या काकांनी घरच्या माणसांना घेऊन शनिवारी तोड उरकली. मी म्हटलं, सोमवारी तोडू, इन्शाअल्लाह. रविवारी वारा सुटला आणि कलमांखाली आंब्यांचा सडा पडला. मी अल्लाहचं नाव माझा आळस झाकायला घेतलं होतं, याचं दुःख आंब्यांपेक्षा मोठं होतं.

म्हणून आता सुरुवात हातातल्या कामापासून करते. उंट बांधू की मोकळा सोडून तवक्कुल (अल्लाहवर भरवसा) करू, असं एकाने विचारलं तेव्हा रसूलल्लाह (पैगंबर मुहम्मद) ﷺ म्हणाले: बांध आणि मग तवक्कुल कर. तिर्मिजी या हदीससंग्रहात ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. माझा उंट म्हणजे झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी), क्रेट, गड्यांना आदल्या दिवशी केलेला फोन आणि हवामानाचा अंदाज.

मग जाणत्याला विचारा. कुरआनच्या सूरह (अध्याय) आल इम्रानच्या १५९ व्या आयतीत आधी मश्वरा (सल्लामसलत), मग निश्चय आणि मग अल्लाहवर भरवसा आहे. हा क्रम उलटा करू नका.

मोठा निर्णय असेल, दुसऱ्याची बाग कराराने घेण्यासारखा, तर इस्तिखारा करा, म्हणजे जे भलं असेल ते अल्लाहकडे मागा. दोन रकात नफ्ल (ऐच्छिक नमाज) पढायच्या आणि मग इस्तिखाऱ्याची दुआ मागायची. पैगंबरांचे साथी हजरत जाबिर सांगतात की रसूलल्लाह ﷺ ही दुआ कुरआनची सूरह शिकवावी तशी शिकवत. दुआत आपल्या कामाचं नाव घ्यायचं: हे माझ्या दीन-दुनियेसाठी चांगलं असेल तर सोपं कर, वाईट असेल तर माझ्यापासून फिरव, आणि जिथे भलं असेल तिथे मला राजी कर. मी इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर करते. मासिक पाळीत नमाज माफ असते, त्या दिवसांत नुसती दुआ मागते. आमच्याकडे बऱ्याच बायका स्वप्नाची वाट बघत बसतात. हदीसमध्ये स्वप्नाची अट नाही. दुआ करून पाऊल टाका, वाट मोकळी होते की अडते ते बघा. फर्ज (सक्तीच्या) कामासाठी किंवा हराम (निषिद्ध) गोष्टीसाठी इस्तिखारा नसतो.

आता शब्द. सूरह कहफच्या २३-२४ व्या आयतींत हुकूम आहे की ‘उद्या मी हे करीन’ असं अल्लाहची मर्जी जोडल्याशिवाय म्हणू नका, आणि विसरलात तर रबची आठवण करा. सूरह कलममधले बागवाले मला फार जवळचे वाटतात. गरिबाला काही मिळू नये म्हणून सकाळीच तोड करायची शपथ त्यांनी घेतली, इन्शाअल्लाह म्हटलं नाही, आणि रात्रीत बाग उजाड झाली. म्हणून तोडीतला गोरगरिबांचा वाटा मी आधी बाजूला काढते.

व्यापाऱ्याला सांगताना तारीख आणि पेट्यांचा आकडा ठरवून मगच इन्शाअल्लाह म्हणा. जमणारच नसेल तर सरळ ‘जमणार नाही’ म्हणा. नकार द्यायला हा शब्द वापरला की समोरचा मुसलमानाच्या इन्शाअल्लाहवर विश्वास ठेवायचं सोडतो, आणि ते मला फार लागतं.

एवढं करूनही बिनसलं तर? ‘जर मी असं केलं असतं’ म्हणू नका, ‘जर’ शैतानाला वाट उघडतो, असं सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. त्याऐवजी म्हणायचं: कद्दरल्लाहु व मा शाअ फअल, अल्लाहने नेमलं, त्याने हवं ते केलं. तौक्ते गेल्यावर ‘शनिवारी तोडलं असतं तर’ हे माझ्या तोंडून सुटत नव्हतं. शेवटी वहीत लिहिलं: इशारा आला की त्याच दिवशी तोड. मग हे शब्द म्हणत पडलेल्यांतले धड आंबे वेचले आणि कॅनिंगला घातले.