जुना फोर-व्हील ट्रॅक्टर घेताय? आधी पुढचा ॲक्सल बघा

भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले, रोहिणी आठ-दहा दिवसांवर आल्या आणि मुरबाड-शहापूरकडे जुन्या ट्रॅक्टरचे सौदे सुरू झाले. फोर-व्हीलला, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो त्या ट्रॅक्टरला, आपण जादा पैसे मोजतो ते पुढच्या ॲक्सलचे, आणि नेमका तोच कोणी तपासत नाही.

चिखलणीत, म्हणजे भात लावण्याआधी खाचरात चिखल करताना, पुढच्या चाकांचे हब (मधले गाभे) तासन्‌तास चिखलात बुडालेले असतात. सील गेलं की पाणी आत शिरतं, बेअरिंग आणि गिअर खलास. माझ्या ट्रॅक्टरची पुढची चाकं आवणीच्या (भातलावणीच्या) तिसऱ्याच दिवशी खाचरात फिरायची थांबली. इंजिन नुकतंच बांधलेलं, रंग नवा. मी तेवढंच बघितलं होतं.

म्हणून रात्रभर उभा असलेला ट्रॅक्टर सकाळी लवकर बघायला जा. बॉनेटखाली हात लावा, इंजिन गारच हवं. मग मालकाला विचारून ॲक्सलचा खालचा, तेल काढायचा ड्रेन बोल्ट थोडा ढिला करा आणि खाली पांढरा डबा धरा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसतं आणि आधी बाहेर येतं. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं किंवा बोटाला चमकता कीस लागला, तर सौदा सोडा. बोल्टला हातच लावू देत नसतील तरी सोडा.

टायरची मापं कंपनीच्या पुस्तिकेशी ताडून बघा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जोरात ओढतील असं गिअरचं गणित असतं. भलत्या मापाचे टायर चढवले की सगळा ताण ॲक्सलवर येतो. मागचे टायर बरे आणि पुढचे गुळगुळीत असतील, तर डांबरावर फोर-व्हील टाकून पळवल्याचा संशय घ्या. भिवंडीकडे वीटभट्टीवर राबलेले ट्रॅक्टरही विकायला येतात. ट्रॉलीची पिन बसते ते भोक झिजून लांबट झालंय का, एवढं बघा. मीटरवरच्या तासांपेक्षा ते भोक खरं बोलतं.

मऊ जमिनीत फोर-व्हील टाकून दोन्ही बाजूंना वळवा. कटकट ऐकू येता कामा नये. मागचा रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करायचं अवजार) उचलून इंजिन बंद करा. तो भराभर खाली बसला तर अवजार उचलणाऱ्या लिफ्टचं काम निघणार.

आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35, शिवाय नावावर करायला 29 आणि 30. चासी नंबर स्वतः वाचा. सगळे कागद हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका.

मनासारखा मिळाला नाही तर यंदाची चिखलणी भाड्याच्या ट्रॅक्टरने उरका. आवणीनंतर पुन्हा बघायला जा. चिखलातून निघालेल्या ॲक्सलचं तेल तेव्हा जास्त स्पष्ट सांगतं.