वडिलांची बंदूक नावावर करताना या चुका टाळा

गणपतीला चाकरमानी गावी आले की माझ्या पडवीत एक प्रश्न हमखास येतो. "काका, बाबांची बंदूक माझ्या नावावर करायची आहे." बाबा कधी गेले, विचारलं की कळतं, तीन वर्षं झाली. आणि बंदूक कुठे आहे? "आहे की घरातच, माळ्यावर."

शस्त्र परवान्याचे अर्ज लिहून देण्यात माझी बरीच वर्षं गेली. एवढ्या काळात सगळ्यात जास्त घरं ज्या चुकीने अडचणीत आली, ती ही. परवाना बंदुकीचा नसतो, माणसाचा असतो. माणूस गेला की त्या घरात बंदूक ठेवायचा अधिकार कुणालाच उरत नाही, बायकोला नाही आणि थोरल्या मुलालाही नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती विनाकारण उशीर न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाने मालकी मिळते, हे खरं. पण मालकी वेगळी आणि जवळ बाळगायची परवानगी वेगळी, हे लोक ऐकूनच घेत नाहीत.

शेजारच्या तालुक्यातलं एक घर सांगतो. म्हाताऱ्याकडे शेतीसंरक्षणाची सिंगल बॅरल, म्हणजे एकनळी, बाराबोअर बंदूक होती, रानडुकरांसाठी आणि माकडांसाठी. तो पावसाच्या तोंडावर गेला. मुलगे दोघेही डोंबिवलीला, आई गावी एकटी. बंदूक माळ्यावर तांब्याच्या हंड्यामागे राहून गेली. पुढे निवडणूक लागली आणि बंदूक जमा करण्याची नोटीस गेलेल्या माणसाच्याच नावाने आली. आईने घाबरून थोरल्याला फोन केला. तो रातोरात आला, बंदूक गोधडीत गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकली आणि डोंबिवलीला निघाला. तिकडे नीट राहील, असं त्याला वाटलं. महामार्गावर नाकाबंदी होती. गोधडीत बंदूक, पिशवीत नऊ काडतुसं आणि हातात बापाचा परवाना. तो दाखवला की सोडतील, अशी त्याची समजूत.

गुन्हा दाखल झाला. विनापरवाना बंदूक बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची शिक्षा आहे. त्या मुलाचं दुबईच्या नोकरीचं ठरत आलं होतं, ते पासपोर्टपाशी अडकलं. त्याची आई माझ्या पडवीत ती परवान्याची वही मांडीवर घेऊन बसली होती. फोटोवरच्या शिक्क्याची शाई नवऱ्याच्या गालावर पसरलेली, आणि ती पदराने ती शाई पुसत होती. चोरीची नव्हे, घरचीच बंदूक. आठ दिवसांत जमा केली असती तर यातलं काही झालं नसतं.

म्हणून माझ्या ओळखीच्या घरांना मी तेराव्याचीही वाट पाहू देत नाही. ठाण्यात फोन करा, परवानाधारक वारले आहेत म्हणून सांगा आणि हवालदारालाच घरी बोलवा. एसटीत किंवा गाडीत घालून स्वतः फिरवू नका. काडतुसं मोजून द्या. पावतीवर बंदुकीची कंपनी, बोअर (नळीचं माप), नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. मुदतीत कुणी सोडवून नेली नाही किंवा विकून टाकली नाही, तर जमा केलेली बंदूक सरकारजमा होते, तेव्हा पावती मिळाली म्हणून स्वस्थ बसू नका. मला विचाराल तर विक्रेत्याकडे ठेवणं बरं. भाडं पडतं, पण तिथे नळीला तेल मिळत राहतं. एका ठाण्यातल्या ओलीच्या खोलीतून दोन पावसाळ्यांनी बाहेर आलेली डबल बॅरल मी पाहिली आहे. तिचा घोडा हलत नव्हता.

दुसरी चूक, वडील जाण्याची वाट पाहणं. ही मला जास्त लागते, कारण ती टाळणं इतकं सोपं आहे. शस्त्र नियम २०१६ मधल्या नियम २५ प्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक बाळगून त्याला पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो आपल्या हयातीतच वारस सुचवू शकतो आणि त्या वारसाला परवाना मिळू शकतो. पोलीस चौकशी वगैरे वारसाची होतेच, ती चुकत नाही. पण सही करायला बाप समोर असतो. पुष्कळ म्हातारी माणसं मात्र तयार होत नाहीत, बंदूक गेली म्हणजे घरातला मान गेला असं त्यांना वाटतं. त्यांच्याशी भांडू नका, दोनचार वेळा बसून बोला.

मृत्युपत्रात लिहून ठेवलंय, आता परवाना कशाला, असं म्हणणारेही भेटतात. मृत्युपत्राने मालक ठरतो, परवाना मिळत नाही. आता अमेरिकेतल्या भावाचं ऐकून ट्रस्टबद्दलही विचारतात. तिकडे १९३४ च्या केंद्रीय कायद्याखाली येणारी सायलेन्सर, मशीनगन यांसारखी हत्यारं ट्रस्टच्या नावावर ठेवतात, हे खरं. पण तिथेही २०१६ पासून असा अर्ज करताना ट्रस्टमधल्या प्रत्येक जबाबदार माणसाला बोटांचे ठसे आणि फोटो द्यावे लागतात. आपल्याकडे कुटुंबाचा ट्रस्ट केला म्हणून घरच्या बंदुकीसाठी वारसाचा परवाना टळत नाही.

बहिणींना विसरू नका, त्याही वारस आहेत. त्यांचं संमतिपत्र नाही म्हणून अडलेल्या फायली मी मोजत नाही. वारस एकवीस वर्षांचा हवा. घरात आधीच दोन बंदुका एकाच्या नावावर असतील तर तिसरी वारसानेही त्याच्या नावावर होत नाही, दुसऱ्या भावंडाला अर्ज करू द्या. महिनाभरात करून देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. ज्यांना फार घाई होती, त्यांचेच अर्ज माझ्याकडे दुरुस्तीला परत आले आहेत.

आणि नंबर. जुन्या बंदुकीवर गंजाखाली तीनचा आठ दिसतो आणि परवान्यावर कुणीतरी तसाच उतरवलेला असतो. वडिलांना स्वतः बंदूक खाली काढायला सांगा, ती रिकामी आहे याची खात्री करायला सांगा, तेलाच्या फडक्याने नंबराची जागा पुसा आणि भिंगातून वाचून परवान्याशी ताडून पाहा. चूक निघाली तर ते असतानाच त्यांच्या सहीने दुरुस्तीचा अर्ज द्या.