एपिक फँटसीत युद्ध लिहिताय? मग या चुका टाळा

नागपुरातली बरीच नवी पोरंपोरी आपल्या फँटसी कादंबऱ्या मला वाचायला देतात. जग मस्त उभं केलेलं असतं, घराणी, शाप, नकाशे सगळं, पण युद्ध आलं की तेच ते घोळ.

सगळ्यात जास्त चीड येते ती एका चुकीची: तलवारी निघाल्या की माणसं गायब. एका पोराच्या कादंबरीत राणीचा सख्खा भाऊ शत्रूला जाऊन मिळालेला, अर्धं पुस्तक त्या दोघांच्या भांडणावर. मग किल्ल्याला वेढा पडतो, हत्ती, दगड, उकळतं तेल, पानंच्या पानं, आणि भावाचा पत्ताच नाही. पुढच्या प्रकरणात एका ओळीत मेलेला सापडतो! मी विचारलं, अरे हा होता कुठे? तर म्हणे, "दादा, तिकडे युद्ध चालू होतं ना." अरे पण युद्ध त्याच्यासाठीच तर वाचून राहिलो ना आम्ही! मग बसून बदललं. तेल ओतायचा हुकूम राणीच्या हातात दिला आणि दरवाजा फोडणाऱ्यांत भाऊ आणला, लंगडत चालणारा, म्हणून वरूनच ओळखू येणारा. ती हात वर करते आणि खाली आणतच नाही. तेवढ्या वेळात दरवाजा जातो. आता किल्ला का पडला हे सांगायला वेगळं पान लागत नाही.

माझी सवय अशी की पहिला वार लिहायच्या आधी वहीत एकच ओळ लिहितो, या माणसाला आज या मैदानात काय पाहिजे. ती सुचली नाही तर त्या दिवशी युद्ध लिहीत नाही. घाई असलेल्यांना हे पटत नाही, त्यांना थेट रक्त पाहिजे असतं.

दुसरी चूक याच्या उलट. तलवार डोक्यावर आलेली आणि नायक दोन पानं बालपण आठवत बसलाय. यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे गीता पण रणांगणातच सांगितली की. हो, पण लढाईला तोंड फुटायच्या आधी! रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा आहे, बाण सुटायचे आहेत. लांब बोलणं तिथे ठेवा, वार चालू असताना एका वाक्यात भागवा.

सैन्याचा आकडा फुगवून भव्यता येत नाही. एक अक्षौहिणी म्हणजे 21,870 रथ, तेवढेच हत्ती, 65,610 घोडे आणि 1,09,350 पायदळ, महाभारताच्या युद्धात अशा 18 होत्या, तरी सतराव्या दिवसाचं म्हटलं की लोकांना कर्णाचं रुतलेलं चाकच आठवतं.

खांद्यात बाण घुसला असेल तर तो हात पुढच्या पानावर पण दुखला पाहिजे.

आणि वारामागून वार, पण परिस्थिती जिथल्या तिथे, हे नको. 1817 च्या नोव्हेंबरातली आपल्या नागपुरातल्या सीताबर्डीची लढाई वाचा. टेकड्या दोन, एक लहान एक मोठी, दोन्हींवर इंग्रजांची फौज. भोसल्यांकडच्या अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तिथलीच तोफ मोठ्या टेकडीकडे फिरवली. एका हालचालीत वरच्यांचा सगळा हिशोब बदलला. तुमच्या युद्धात दर दोन-तीन पानांनी अशी एखादी तोफ फिरली पाहिजे, आणि ती फिरताना बघणारा माणूस वाचकाच्या ओळखीचा पाहिजे. फिरवणारा ओळखीचा निघाला तर आणखीनच चांगलं.