आशांना गृहभेटीचे कौशल्य कसे शिकवावे

आशा कार्यकर्तीच्या प्रशिक्षणाची आखणी करण्यापूर्वी, प्रशिक्षण संपल्यावर ती बाळंतिणीच्या घरी काय काय करून दाखवू शकली पाहिजे, हे प्रशिक्षकाने स्पष्ट शब्दांत लिहून काढावे. ‘नवजात बाळाच्या काळजीची माहिती असणे’ असे लिहिल्यास काहीच तपासता येत नाही. ‘शांत बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजणे, ते 60 किंवा त्याहून अधिक भरल्यास पुन्हा मोजणे आणि दुसऱ्यांदाही तितकेच भरल्यास बाळाला त्वरित रुग्णालयात पाठवणे’ असे लिहिले, तर ते जमले की नाही हे आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकालाही पाहता येते.

हात धुणे, तापमान घेणे, वजन करणे ही कौशल्ये प्रशिक्षकाने आधी करून दाखवावीत आणि मग प्रत्येकीकडून करून घ्यावीत. बाळ ठेवण्यापूर्वी वजनकाटा शून्यावर आहे ना, हे पाहायला हमखास विसरले जाते, तेवढ्यासाठी थांबावे.

खरा वेळ द्यावा तो समुपदेशनाला. एकीने आशा व्हावे, दुसरीने बाळंतीण आणि तिसरीने सासू. सासूने मात्र सहज ऐकू नये. चीक (बाळंतपणानंतरचे पहिले घट्ट दूध) पिळून टाकावा, बाळाला आधी मध चाटवावा, असे आग्रहाने सांगणाऱ्या सासूसमोर पाठ केलेले भाषण टिकत नाही, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईला सुनेदेखत चूक ठरवले तर पुढच्या भेटीला दार मोकळेपणाने उघडत नाही. म्हणून ‘तुमच्याकडे काय पद्धत आहे?’ असे आधी विचारणे, उत्तर पूर्ण ऐकणे, त्यातले हितकारक ते उचलून धरणे आणि मग एकच बदल सुचवणे, हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत प्रसंग पुन्हा पुन्हा करवून घ्यावा. (सासूची भूमिका बहुतेकींना फार छान वठवता येते!)

शिक्षण कमी असलेल्या स्त्रियांना हे जमेल का, ही शंका अजूनही ऐकू येते. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरोघरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले आणि तिथला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. 1970 पासून जामखेडला आरोळे या डॉक्टर दांपत्याने घडवलेल्या ग्राम आरोग्य सेविकांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या, पण त्यांचे प्रशिक्षण एकदाच उरकलेले नव्हते. त्या शिकण्यासाठी नियमित केंद्रावर येत राहिल्या.

तेव्हा वर्ग संपला की प्रशिक्षण गावात न्यावे. दवाखान्यातील बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आशाची गृहभेट ठरलेली असते. त्यांपैकी निदान एका भेटीला गटप्रवर्तकाने सोबत जावे, मध्येच बोलू नये आणि घराबाहेर पडल्यावर, बाळंतिणीच्या कानावर जाणार नाही अशा बेताने, काय साधले व काय राहिले ते सांगावे. राहिलेल्या गोष्टी वहीत टिपून ठेवाव्यात आणि पुढच्या मासिक बैठकीची सुरुवात त्यांच्या सरावाने करावी.